बिनपात्याचा रंधा

त्या घरातलं एकही दार लागत नसे. खोल्या बघायला गेलो तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण उन्हाळ्याची दुपार होती आणि सगळी दारं उघडीच होती. सणसरच्या बाहेर, कालव्याच्या अंगाला, दगडी बांधणीचं बैठं घर. पुढे ओटा, ओट्यापुढे कडुनिंब, निंबापलीकडे ऊस. वाऱ्याची झुळूक पुढच्या दारातून शिरायची, घरभर सावकाश हिंडायची आणि मागच्या दाराने कालव्याकडे निघून जायची. बायको म्हणाली, "हवा छान आहे." मी भिंतींची ओल बघितली, नळ सोडून पाहिला, खोल्यांची लांबी-रुंदी पावलांनी मोजली. दार लावून बघायचं मात्र सुचलं नाही.

मी तेव्हा भवानीनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो. उसाने भरलेली गाडी काट्यावर चढली की तिचं वजन घ्यायचं, ऊस टाकून रिकामी परतली की पुन्हा घ्यायचं आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. हेच काम इतकं केलं आहे की कुठलीही वस्तू भरलेली आणि रिकामी अशी दोनदा बघायची मला सवय लागली आहे. बारामतीहून रोज ये-जा करण्यापेक्षा जवळ राहावं म्हणून सणसरला बिऱ्हाड केलं. घरमालकांना सगळं गाव आबा म्हणायचं. आम्हीही तेच म्हणू लागलो.

आबा उंच, वाळलेले, किंचित पुढे झुकलेले. चालताना सारखं वाटे की ते काहीतरी ऐकत चालले आहेत. त्यांची बायको, माई, बुटकी आणि जिभेने तिखट. ती त्यांच्याबद्दल बोलताना त्यांच्यासमोरच बोलायची आणि ते दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं असावं तसे शांतपणे ऐकायचे.

आबांचा एक नेम होता. अडकलेल्या वस्तूला जोर लावायचा नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं तर ते बरणी उन्हात नेऊन ठेवायचे आणि शेजारी बसून राहायचे. कुलपात किल्ली फिरली नाही तर किल्ली काढून घ्यायचे, थोडं फिरून यायचे आणि पुन्हा घालायचे. एकदा उसाची ट्रॉली आमच्या दारापुढच्या चिखलात रुतली. ट्रॅक्टर घरघरत होता, माणसं ओरडत होती, चाक आणखी खाली जात होतं. आबांनी माईला चहा टाकायला सांगितला. ड्रायव्हर वैतागला. "आबा, हितं गाडी रुतलीया आन् तुमी चहा काय पाजताय?"

"ती रुतलीया व्हय. मग तू कशाला रुततूस? उतर खाली."

चहा पिऊन होईपर्यंत कुणाच्या तरी डोक्यात आलं की मागच्या मोळ्या उतरवाव्यात. मोळ्या उतरवल्या, गाडी निघाली. आबांनी त्यात काहीच केलं नव्हतं. त्यांचं तेच म्हणणं होतं, की आपण काही न केल्यानं निम्मी कामं होतात.

उरलेली निम्मी होत नाहीत, हे मला पावसाळा लागल्यावर कळलं.

दारं बाभळीच्या जाड फळ्यांची. कालव्याचा पाझर आणि पाऊस यांनी ती फुगलेली. मी पट्टी घेऊन मोजलं. पुढचं दार चौकटीपेक्षा सव्वा सूत मोठं होतं, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षा थोडं जास्त. स्वयंपाकघराचं दीड सूत. सर्वांत वाईट न्हाणीघराचं. ते धड उघडतही नसे आणि मिटतही नसे, अर्ध्यात टेकून उभं राही. त्यासाठी घरात एक रीत होती. आत जाणाऱ्याने दाराबाहेर तळ फुटलेली लाल बादली ठेवायची. बादली दिसली की आत कुणीतरी आहे. आम्हालाही ही रीत पाळावी लागली. बायकोची मावशी बारामतीहून आली होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने वाटेत पडलेली बादली उचलली आणि निंबाखाली नेऊन ठेवली. आतून आबांचा आवाज आला, नेहमीसारखाच, अजिबात घाई नसलेला. "मावशी, बादली आणा बरं म्हागारी. मी अजून हितंच हाय."

मावशी संध्याकाळच्या गाडीने परत गेली. बायको म्हणाली, "एक तर दार दुरुस्त करून घ्या, नाहीतर दुसरी खोली बघा."

मी आबांना न विचारता सुतार बोलावला. तो विजेवर चालणारा रंधा घेऊन आला. आबांनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला, त्याच्या गावाकडच्या पावसाची चौकशी केली आणि तो निघताना म्हणाले, "तुझी काय गरज न्हाय बाबा. रंधा हाय आमच्या घरात."

"मग दारं का अशी?" सुतार म्हणाला.

"त्येला पातं न्हाय."

सुताराने माझ्याकडे बघितलं. मी आबांकडे बघितलं. आबा उसाकडे बघत होते.

रंधा खरोखरच होता. ओट्यावरच्या कोनाड्यात, पणतीच्या शेजारी. लोखंडी, सव्वा फूट लांबीचा, जुन्या बनावटीचा. मागे लाकडी मूठ, पुढे धरायला लाकडी बोंड. बोंडाला सुतळीचा एक जुना तुकडा बांधलेला. पातं बसायची जागा रिकामी, आणि तिच्या मागे, मुठीला लागून, पितळेची एक चाकी. ही चाकी फिरवली की पातं खालीवर होतं, लाकूड किती खरवडायचं ते त्यावर ठरतं. ती चाकी जाम झाली होती. पण जाम झालेल्या वस्तूवर गंज असतो, मळ असतो, तसं इथे काही नव्हतं. आबा तिला चिंचेनं घासायचे. ती देवातल्या घंटीसारखी चमकायची आणि तसूभरही हलायची नाही.

दुपारी जेवणं झाली, माई लवंडली, रस्त्यावरची वर्दळ थांबली की आबा रंधा मांडीवर घेऊन बसायचे. चाकीच्या बुडाशी तेलाचा थेंब सोडायचे. थंडीत खोबरेल थिजतं म्हणून तेव्हा एरंडेल, उन्हाळ्यात रॉकेल. मग रंधा उन्हात ठेवायचा, तापला की सावलीत आणायचा, ओलं फडकं गुंडाळायचं, माईच्या लाटण्याने हलकेच टक टक करायचं. शेवटी चाकी दोन बोटांत धरून, डोळे मिटून, डाव्या अंगाला फिरवून बघायचे. थोडा वेळ तसंच धरून ठेवायचे, जणू आतून काही उत्तर येणार आहे. मग हात काढायचे आणि रंधा कोनाड्यात ठेवायचे. चेहऱ्यावर निराशा वगैरे काही नसायची. निंबाची सावली ओट्यावरून हळूहळू सरकत असायची, उसाची पानं एकमेकांना घासत असायची, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी मीही त्या आवाजात पेंगत असायचो. अर्धवट झोपेत मला ती टक टक ऐकू यायची. कुणीतरी कुठल्यातरी न लागणाऱ्या दारावर फार सभ्यपणे ठोठावतंय, असं वाटायचं.

"आबा, पक्कड लावा ना," मी एकदा म्हणालो.

"पितळ मऊ असतंय. पकडीचं दात उमटत्याल."

"उमटले तर काय झालं?"

"त्येला दिसत्याल."

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. ते माईने सांगितलं, शेंगा फोडताना.

आबांना एक धाकटा भाऊ. सगळे त्याला तात्या म्हणायचे. वडिलांनी हा रंधा कारखान्याच्या भंगारातून आणला होता. दोघं भाऊ लहान होते आणि रंधा जड होता, म्हणून वडिलांनी पुढच्या बोंडाला सुतळी बांधून दिली. मोठ्याने मागून ढकलायचं, धाकट्याने पुढून ओढायचं. समोरासमोर तोंडं करून दोघांनी मिळून एक रंधा चालवायचा. बैलगाड्यांच्या साट्या, जू, पाळणे, या घराची दारं, सगळं त्यांनी असंच तासलं. मोठे झाल्यावर एकट्याला रंधा पेलत होता, तरी सुतळी काढली नाही. पातं बसवणं, चाकी फिरवून ते नेमकं करणं हे तात्याचं काम. त्याची बोटं बारीक होती. आबा फक्त ढकलायचे.

"मग वाटणी झाली," माई म्हणाली. "वाटणी काय वंगाळ न्हाय, समद्यांचीच व्हती. रान वाटलं, भांडी वाटली, शिडी त्याला, खाट आमाला. पंचांची उठायची येळ झाली आन् ह्यो रंधा म्हागं ऱ्हायला. ह्ये म्हणालं माजा, त्यो म्हणाला माजा. पंचातला कुणी मस्करीत बोलला, अर्धा अर्धा करा मग! तर तात्यानं काय करावं? चाकी आवळली, पातं उपसलं, फडक्यात गुंडाळलं आन् म्हणाला, ह्यो माजा अर्धा. आन् ह्ये येडं म्हणालं, ने!"

"पंच काही बोलले नाहीत?"

"हसलं. हसण्यावारी गेलं त्ये तसंच ऱ्हायलं बगा."

तात्याच्या वाट्याला इंदापूरच्या बाजूचं रान आलं होतं, कालव्याच्या पार शेवटाला. तो तिकडे राहायला गेला. मधे एका पाहुण्याने दोघांना एकत्र आणायचा प्रयत्न केला, तेव्हा तात्याने निरोप धाडला होता. आबांनी तो निरोप जसाच्या तसा पाठ करून ठेवला होता आणि माईलाही पाठ झाला होता. "त्याची चाकी गंजली आसंल. त्येला म्हणावं आदी चाकी फिरीव. फिरली की पातं घिऊन मी सोता येतो."

"रागात बोलला त्यो," माई म्हणाली. "पर ह्यांनी वचन धरलंया. भाऊ येणार, फकस्त चाकी फिराय पायजे. मी म्हणती, सरळ उठून जावा की इंदापूरला. एष्टी जाती. तर म्हणत्यात, न्हाय, बोली तशी झाली न्हाय."

त्या दिवसापासून मी त्या चाकीकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. रंधा एकदा काट्यावरही नेऊन तोलला असता, पण आमचा काटा असल्या किरकोळ वजनाला हलत नाही. शेवटी किराणा दुकानात तोलून आणला. रिकामा रंधा दोन किलोला थोडा कमी भरला. भरलेला किती भरेल, याचा अंदाज करत बसलो. पात्याचं वजन फार तर किल्ल्यांच्या एखाद्या मोठ्या जुडग्याएवढं असेल. तेवढ्या वजनासाठी एक घर उघडं पडलं होतं.

संध्याकाळी आबा कालव्यावर जाऊन बसायचे. पाण्याची पाळी सुटलेली असली की हमखास. मी कामावरून येताना त्यांच्यापाशी गाडी थांबवायचो. पाणी गढूळ, जाड, बिनआवाजाचं वाहत असे. आबा निंबाची एक डहाळी पाण्यात सोडायचे आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघायचे.

"ही कुठं जाती ठाव हाय का?"

"पुढं. इंदापूरकडं."

"उद्या त्याच्या रानाच्या कडंनं जाईल." मग थोड्या वेळाने, "पर त्यो बगायचा न्हाय. त्यो खालमानी हाय. काम करताना मान वर न्हाय करत."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडायची. कोयता, खुरपं, कुऱ्हाड, पहार आणि मधोमध रंधा. पात्याच्या रिकाम्या खाचेत आबा झेंडूचं फूल खोचायचे. फूल त्या खाचेत बरोबर बसायचं. माई हात जोडता जोडता म्हणायची, "फुलानं दार तासतंय का बगा जरा."

चाकी फिरली ती पुढच्या उन्हाळ्यात, आणि ती माझ्या पंख्यामुळे.

दुपारची वीज गेली होती. मी आमचा टेबलफॅन ओट्यावर आणून साफ करायला घेतला. आबा शेजारी रंधा घेऊन बसले होते, त्यांचं रॉकेल, फडकं, लाटणं सगळं मांडलेलं. पंख्याची जाळी काढली आणि मधली टोपी फिरवू लागलो.

आबांनी विचारलं, "आवळताय का सोडवताय?"

"सोडवतोय."

"आन् उजव्या अंगाला का फिरवताय? उजवीकडं आवळतंय, डावीकडं सुटतंय."

"पंख्याच्या टोपीला उलटे आटे असतात, आबा. सरळ असते तर पंखा फिरता फिरता ती आपोआप सुटली असती. सायकलच्या डाव्या पायडलचंही असंच असतं."

टोपी सुटली. मी ती फडक्यावर ठेवली आणि पुसायला लागलो. वर बघितलं तर ते रंध्याकडे बघत होते. मग त्यांनी रंधा माझ्याकडे सरकवला.

"ह्येला कसलं आटं असत्याल?"

मी रंधा डोळ्यांजवळ धरला. चाकी आणि लोखंड यांच्यामध्ये केसभरही फट नव्हती. चाकी तिच्या दांड्यावर अगदी शेवटपर्यंत जाऊन लोखंडाला टेकली होती. दांड्याचा जो थोडासा भाग मागे दिसत होता त्यावरचे आटे मी नखाने चाचपले. ते नेहमीच्या उलट बाजूला कलत होते.

"उलटे," मी म्हणालो.

आबांनी रंधा परत घेतला. मांडीवर ठेवला. धोतराला बोटं पुसली, चाकी धरली, डोळे मिटले आणि उजव्या अंगाला फिरवली. जोर लावला नाही. इतकं तेल तिच्यात मुरलं होतं की जोर लावायची गरजच नव्हती. सुपारी फुटल्यासारखा बारीक आवाज झाला आणि चाकी फिरली. त्यांनी आणखी फिरवली. ती लोखंडापासून दूर सरकली, मधे फट पडली, फटीतून पलीकडचं ऊन दिसलं.

मला वाटलं ते माईला हाक मारतील. त्यांनी मारली नाही. ते त्या फटीकडे बघत राहिले.

"म्हंजी मीच आवळत हुतो," ते म्हणाले. "रोज."

मी पंख्याची टोपी पुसत राहिलो.

मग म्हणाले, "आन् त्येला ठाव हुतं. त्यो रोज फिरवायचा. त्येला ठाव हुतं, मला ठाव न्हाय ह्ये."

"मग त्यांनी सांगायला पाहिजे होतं."

"मी कुठं इचारलं?"

एवढं बोलून ते उठले, रंधा कोनाड्यात ठेवला आणि कालव्याकडे गेले. कालव्याला तेव्हा पाणी नव्हतं. कोरड्या पात्राच्या कडेला ते अंधार पडेपर्यंत बसून राहिले. माईला चाकी फिरल्याचं मीच सांगितलं. तिने आधी कपाळाला हात लावला, मग पदर तोंडाला लावला. हसत होती का रडत होती, मला सांगता येणार नाही.

मला वाटलं आता लगेच इंदापूरला फोन जाईल. अट पूर्ण झाली होती. माझ्या हिशेबाने प्रकरण मिटलं होतं. आठवडा गेला, फोन झाला नाही. माई रोज टोमणे मारायची. "फिरली म्हणं चाकी. आता काय मूर्त बगताय? का भटजी बोलवू?"

आबा म्हणायचे, "थांब. इचार चाललाय."

मग एका सकाळी ते रंधा घेऊन माझ्या खोलीत आले. माझ्यासमोर त्यांनी चाकी डावीकडे फिरवत फिरवत पुन्हा लोखंडापर्यंत नेली. टेकवली. वर थोडी आवळली.

"अहो आबा! हे काय करताय?"

"ह्यो नंबर लावून द्या," ते म्हणाले आणि कागदाचा कपटा पुढे केला.

मी फोन लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्या हातात दिला, कारण त्यांना कानाने थोडं कमी ऐकू यायचं. माई दारात येऊन उभी राहिली. हातातली वाटी तशीच.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी हाय. दादा."

पलीकडे काहीच नाही. मग कुठेतरी म्हैस ओरडली, म्हणजे फोन चालू होता.

"तात्या," आबा म्हणाले, "ती चाकी काय फिरंना रं. लई तेल घातलं. तुजं तू बगायचास, मला त्यातलं काय कळत न्हाय. कुठल्या अंगाला फिरवायची असती ती?"

मी आणि माई एकमेकांकडे बघत होतो. मी काट्यावर नोकरी केलेला माणूस. किलोभर इकडचं तिकडं कधी लिहिलं नाही. माझ्यासमोर सरळ सरळ खोटं बोललं जात होतं आणि मला भीती वाटत होती ती वेगळीच, की पलीकडचा फोन ठेवेल.

"आत्ता इचारतूयास व्हय?" पलीकडचा आवाज घोगरा झाला होता. "आत्ता?"

"व्हय. आत्ता."

"फोनवर न्हाय सांगता यायचं. हात लावू नगस त्येला. मी येतो."

तात्या दुसऱ्याच दिवशी आले, मोटारसायकलवर, डोक्याला टॉवेल बांधून. आबांसारखेच उंच, पण अंगाने भरलेले. ओट्याशी आले आणि पहिल्यांदा दाराकडे बघितलं.

"दारं काय ही! लाज वाटत न्हाय व्हय, पावण्यारावळ्याला?"

"रंधा बंद हाय की," आबा म्हणाले.

"रंधा बंद हाय! सुतार मेलं का समदं तालुक्यातलं?"

"आदी पाणी तर पी."

माईने पाणी दिलं. तात्या तिच्या पाया पडले. आबांच्या पडायला वळले तर आबांनी मधेच रंधा त्यांच्या हातात दिला. दोघांनाही ते सोपं गेलं असावं.

तात्या ओट्यावर बसले. रंधा मांडीवर घेतला, अगदी आबा घ्यायचे तसाच. चाकीवर अंगठा फिरवला. अंगठा नाकाशी नेऊन वास घेतला. मग चाकी धरली. सकाळीच मी ती चोरून दोन बोटांनी फिरवून, पुन्हा टेकवून ठेवली होती. मला ठाऊक होतं ती किती सैल आहे. तात्यांनी चाकी धरली आणि दात आवळले. मानेच्या शिरा फुगल्या. चेहरा लाल झाला. कपाळावर घाम आला. "आयला," ते म्हणाले, "लई घट्ट हाय की रं."

"मग! सांगतुय काय मी," आबा म्हणाले.

तात्यांनी पुन्हा जोर लावला. पाय आवळले, तोंडाने हुं केलं. आणि चाकी उजवीकडे फिरली.

"फिरली!" तात्या म्हणाले.

"फिरली की!" आबा म्हणाले. "तुजाच हात लागाय पायजे हुता."

मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी टॉवेलने घाम पुसला, आणि तो घाम मात्र खरा होता.

मग त्यांनी सदऱ्याच्या आतून एक पुडकं काढलं. जुन्या धोतराच्या तेलकट तुकड्यात पातं होतं. इतक्या वर्षांत त्यावर गंजाचा ठिपका नव्हता. धार अशी की उन्हात ती धार दिसतच नव्हती, नुसती संपलेली कड दिसत होती. "दर खंडेनवमीला धार लावतो," ते एवढंच म्हणाले.

न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांतून काढून निंबाखाली दोन पोत्यांवर आडवं टाकलं. तात्यांनी पातं बसवलं, रंधा उलटा धरून एका डोळ्याने त्याच्या पोटावरून बघितलं, चाकी किंचित फिरवली, पुन्हा बघितलं. सुतळी कुजली होती, माईने नवी आणून दिली. दोघं म्हातारे दाराच्या दोन टोकांना समोरासमोर उभे राहिले.

"ढकल."

"तू ओढ की आदी."

"आदी ढकलायचं, मग ओढायचं. ईसारला व्हय?"

"तू ढिल्ला धरतूस, मी काय ढकलू?"

पहिल्या दोन ओढी अडखळल्या. तिसरीला लाकडाचं लांब सालपट रंध्याच्या पोटातून वर आलं आणि गुंडाळत गुंडाळत खाली पडलं. मग एक लय लागली. सर्र, थांबा, सर्र, थांबा. जुन्या बाभळीचा आंबूस वास सुटला. वरून निंबाची पिवळी पानं त्या सालपटांत पडत होती, माई ती पानांसकट चुलीसाठी गोळा करत होती. मी ओट्याच्या खांबाला टेकून बसलो होतो. मी जागा होतो, तरी झोपेत ऐकावं तसं ते मला ऐकू येत होतं. बायको दारात येऊन उभी राहिली आणि तिने नकळत आवाज खाली आणून विचारलं, "हे त्यांचे भाऊ?"

दार बसवलं. लावलं. ते लागलं. आत कुणी नसताना आम्ही सगळे त्या बंद दाराकडे बघत उभे राहिलो. फुटकी बादली माईने उकिरड्यावर टाकली.

जेवणं झाली. उन्हं कलली. तात्यांनी रंधा घेतला, चाकी मागे फिरवली, पातं अलगद उपसून घेतलं, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या आत ठेवलं. मी उठलोच. अजून स्वयंपाकघराचं दार राहिलं होतं, पुढचं राहिलं होतं, मागचं राहिलं होतं. एवढं होऊन पातं परत चाललं होतं. "अहो तात्या," मी म्हणालो, आणि आबांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताची पकड मला तेव्हा पहिल्यांदा कळली. त्यात जोर होता.

तात्यांची गाडी रस्त्याला लागली. धूळ बसली.

"आबा, पातं इथंच राहायला हवं होतं. आता रंधा पूर्ण झाला असता."

"पातं हितं ऱ्हायलं तर त्यो कशाला यील?"

त्यानंतर आम्ही तिथे होतो तोवर दारं एकेक करून तासली गेली. घाई कुणालाच नव्हती. माझी बदली कारखान्याच्या बारामतीतल्या कचेरीत झाली, तेव्हा मागचं दार अजून राहिलेलं होतं आणि आबा म्हणत होते की पुढचं पुन्हा फुगल्यासारखं वाटतंय. मी पट्टी लावून बघितलं. ते फुगलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी सामान टेंपोत चढवून मी निरोप घ्यायला ओट्यावर गेलो. आबा रंधा मांडीवर घेऊन बसले होते. तात्या आदल्या दिवशीच येऊन गेले होते, त्यामुळे चाकी सैल होती. आबा ती डावीकडे फिरवत होते. सावकाश, डोळे मिटून, चाकी लोखंडाला टेकेपर्यंत. टेकल्यावर त्यांनी किंचित आवळली. मग दोन बोटांनी सुटते का ते बघितलं, सुटली, तेव्हा पुन्हा तेवढीच आवळली आणि रंधा कोनाड्यात ठेवला.